आजोबांच्या हातांची मोजणी

“लाइन किचनमधून जाते. किचन पाडावं लागेल,” आमचा मॅनेजर स्टीव्ह म्हणाला आणि टोपी सारखी करत सावलीत गेला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शारजात, रोल्ला भागातल्या एका सर्व्हे कंपनीत होतो. धैदजवळची खजुराची बाग सालेम आणि राशिद या भावांमध्ये वाटायची होती. त्यांच्या आजोबांनी वाटणी लिहून ठेवली होती: विहिरीपासून पूर्वेला चाळीस बाअ थोरल्या सालेमची, पुढची राशिदची. किचन राशिदचं. त्याची बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

बाअ म्हणजे आपली वाव. दोन्ही हात पसरायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत एक. मध्ययुगात जमीन अशी अंगानेच मोजत. आपल्याकडे पाच हात, पाच मुठींची काठी होती. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा. पण हात कोणाचा, यावरून भांडणं होत, म्हणून राजे काठी ठरवून देत. इथे तसा राजा म्हणजे स्टीव्ह. त्याच्या पुस्तकात एक वाव एक पूर्णांक त्र्याऐंशी मीटर होती. चाळीस वाव म्हणजे त्र्याहत्तर मीटर. खलास!

“सर, हे माप सहा फुटी माणसाचं आहे,” मी म्हणालो.

“इट्स द स्टँडर्ड.”

भावांची म्हातारी आत्या खाटेवर बसली होती. राशिदने तिला हे अरबीत सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“सहा फूट? माझा बाप जेमतेम माझ्याएवढा होता!”

मी कागद पुन्हा वाचला. विहिरीपासून जुन्या बुरुजापर्यंत तीस बाअ, असंही एक वाक्य होतं. विहीर आणि बुरूज, दोन्ही जागेवर. मी टेप लावली. अठ्ठेचाळीस मीटर साठ सेंटिमीटर. म्हणजे आजोबांची वाव एक पूर्णांक बासष्ट मीटर.

चाळीस वावांचे पासष्ट मीटरही भरेनात. तिथे खणलं, तर हातभर खाली पाण्याचा जुना दगडी पाट लागला, जुनी हद्द. किचन चांगलं पाच पावलं पलीकडे, राशिदच्याच बाजूला राहिलं.

सालेमने वाकून पाटावरची माती झटकली. मग राशिदला म्हणाला, “यल्ला, चल, चहा सांग.” आत्या म्हणाली, दोन वर्षांत तो भावाशी पहिल्यांदाच बोलला.

रिपोर्टमध्ये स्टीव्हने ‘साइट-स्पेसिफिक कॅलिब्रेशन’ असं लिहून खाली स्वतःची सही केली. आत्याचा उल्लेख नव्हता. माझाही नव्हता.

तेव्हापासून जुनं माप हाती आलं की मी आधी जागेवर उरलेल्या दोन खुणा शोधतो. मॅनेजरला नंतर विचारतो.