न विचारता वाजलेल्या टाळ्या

देवरे बाईंची आणि माझी पहिली भेट आठवी 'ब'च्या वर्गात झाली. त्या भेटीत मी त्यांना मनातल्या मनात हसलो होतो, हे या गौरवग्रंथात आधीच कबूल केलेलं बरं. नाशिकच्या आमच्या शाळेत मी गणिताचा शिक्षक म्हणून नुकताच रुजू झालो होतो. शाळा सुटली होती आणि बाई फरशीवर बसून, पंक्चरवाल्याकडून आणलेल्या जुन्या ट्यूबचे तुकडे बाकांच्या लोखंडी पायांना बांधत होत्या. "हे शिपाईमामांचं काम ना?" मी विचारलं. "बाकं ओढल्याचा आवाज काही लेकरांना सोसत नाही, सर," त्या म्हणाल्या. "जरा तेवढं टोक धरता का?" टोक मी धरलं, पण हा रिकामटेकडा उद्योग आहे असंच माझं मत झालं.

बाई मूळच्या बागलाणातल्या नामपूरच्या, विषय मराठी. स्वमग्न मुलांना चारचौघांच्या शाळेत शिकता यावं म्हणून त्या जे करत, ते त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं. शाळा सुटताना अशा प्रत्येक मुलाच्या हाती त्या एक चिठ्ठी देत. उद्या कोणता तास कुठे, कोणते शिक्षक रजेवर, कवायत आहे की नाही, सगळं त्यात असे. आधी सांगायचं, मग करायचं, एवढीच त्यांची पद्धत. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला 'बाईंचं पंचांग' म्हणायचो आणि बाईही हसून घ्यायच्या.

पुढे नववीला माझ्या वर्गात सानिया आली. तिचे वडील रफीकभाई मालेगावला यंत्रमागावर होते, नंतर इथे नाशकातच अंबडच्या एका कारखान्यात लागले. सानिया स्वमग्न, बोलणं अगदी मोजकं. मी फळ्यावर चुकलो तर मात्र मान वर न करता चूक सांगायची. सहामाहीत तिला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि माझा आनंद गगनात मावेना. दुसऱ्याच दिवशी परिपाठाला मी माईकवरून तिचं नाव पुकारलं. तिच्या चिठ्ठीत ते नव्हतं, कारण मी बाईंना काही सांगितलंच नव्हतं. पहिल्या आलेल्याला स्टेजवर उभं करायचं आणि सगळ्या शाळेने तालात टाळ्या वाजवायच्या, वर बँडपथकाचा ढोल, अशी आमच्याकडची रीत. सानियाने कान दाबले, ती खाली बसली आणि स्वतःचा हात चावू लागली. मला वाटलं, लाजली. मी मुलांना म्हटलं, "अजून जोरात!" त्या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

सानियाने शाळेत येणं बंद केलं. दोन आठवड्यांनी रफीकभाई आले. "सर, पोरगी दाराबाहेर पाय ठेवत नाही. जाने दो, दाखला देऊन टाका. घरीच ठीक आहे ती."

दाखल्याच्या अर्जावर वर्गशिक्षकाची, म्हणजे माझी, सही लागते. मी पेन काढलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. "तिच्यासाठी वेगळी शाळाच बरी," असंही मी बोलून गेलो. बाई शेजारीच होत्या. त्या रागावल्या की बागलाणची बोली तोंडी येई. "पोर काय सामान शे का सर, उचलीसन दुसरीकडे ठेवाले?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चूक तुमची आणि शाळा तिची सुटणार? आधी तिची माफी मागा."

विद्यार्थिनीची माफी! रफीकभाईच संकोचले. "नको बाई, सर आहेत ते." पण बाई हटल्या नाहीत. त्यांनी रफीकभाईंच्याच हाती चिठ्ठी दिली: 'उद्या पाच वाजता देवरे बाई आणि गणिताचे सर येतील. सर माफी मागतील. दहा मिनिटांनी दोघे जातील.'

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा सानिया भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "तुला न विचारता मी स्टेजवर बोलावलं. चूक माझी होती."

तोंड न वळवता तिने विचारलं, "पुन्हा करणार?"

"नाही."

"लिहून द्या."

मी तिच्या वहीत लिहिलं, खाली सही केली. अजून काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण दहा मिनिटं झाली म्हणून बाईंनी मला उठवलं.

त्यानंतर तीन आठवडे बाई शाळा सुटल्यावर तिला घेऊन येत. आधी फाटकापर्यंत, मग पटांगणात, मग रिकाम्या वर्गात. एका सोमवारी ती भरल्या वर्गात येऊन बसली. अर्ज रफीकभाईंनी परत नेला. सानिया दहावी झाली, आज पॉलिटेक्निकला शिकते आहे.

बाईंना निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोनदा त्या शाळेत येतात. आज त्यांच्या एकसष्टीला सगळेच त्यांनी घडवलेल्या मुलांविषयी लिहितील. मला शिक्षकही बाईंनीच केलं, याची नोंद व्हावी म्हणून हा लेख. हे ऋण मला मनापासून मान्य आहे.

छापायला देण्याआधी मी तो सानियाला वाचून दाखवला आणि तिची परवानगी मागितली. 'बाई शतायुषी होवोत' या शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवलं.

"शंभरच का? मला बाई नंतरही लागतील. आकडा खोडा."

आकडा खोडला आहे. देवरे बाई, आपल्याला उत्तम आरोग्य आणि खूप, खूप मोठं आयुष्य लाभो. आम्हां सगळ्यांना आपण लागणार आहात.