महाप्रसादाचं नाव

स्टुडिओसाठी माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या मागायला टोमेश्वर आला तेव्हा म्हणाला होता, "बहनजी, आवाज अजिबात बाहेर येणार नाही." शब्द त्याने पाळला. आवाज अंगणापलीकडे जात नाही. पण माझा आवाज आत जातो, हे त्याने तेव्हा सांगितलं नव्हतं. गेली नऊ वर्षं माझ्या घरात मिक्सर कधी लावायचा, पाण्याची मोटर कधी सुरू करायची आणि कुकर कधी चढवायचा, हे आमच्या धमतरीचे गायक ठरवतात. देवीच्या एका जसगीतात माझ्या तुरीच्या डाळीची शिट्टी आहे. नवरात्रात ती चौकाचौकात वाजते. टोमेश्वर म्हणतो, असू दे, लोकांना शंख वाटतो.

टोमेश्वर देवांगन माझा विद्यार्थी. चौथी आणि पाचवी, दोन्ही वर्षं माझ्याच वर्गात. बाप मागावर बसायचा, आई कांड्या भरायची, आणि हा बाकावर बोटं बडवायचा. त्याबद्दल मी त्याला तीन छड्या मारल्या, तर चौथी त्याने स्वतःच बाकावर वाजवून घेतली, ताल अपुरा राहू नये म्हणून. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

त्याच्या स्टुडिओच्या भिंतींना राईस मिलची बारदानाची पोती टांगलेली आहेत, आत भाताचा पेंढा ठासून भरलेला. मोठ्या शहरात त्यासाठी म्हणे वेगळा महागडा स्पंज मिळतो. इथे पेंढा मिळतो आणि त्याच्यासोबत सोंडे किडे फुकट येतात. गाण्याच्या खोलीत पंखा नाही, कारण पंख्याचा आवाज येतो. त्यामुळे मे महिन्यात लग्नाची गाणी गायला आलेली माणसं बनियनवर, डोक्यावर ओला गमछा टाकून गातात. चाल त्याची, कीबोर्ड तो वाजवतो, मांदर तो ठोकतो, गाणं जोडतो तो आणि शेवटी झाडूही तोच मारतो. गाणं तयार झालं की पेन ड्राइव्हवर घालून स्टँडवर जातो आणि कुणाच्या तरी ऑटोत बसून ऐकतो. "बहनजी, लोक ऑटोतच ऐकणार. माझ्या या चांगल्या स्पीकरवर कोण ऐकायला येतंय?" ऑटोत नीट वाजलं नाही, तर परत येऊन पुन्हा पहिल्यापासून.

आणि नाही म्हणणं त्याच्या कुंडलीत नाही. लसणाचा एक व्यापारी मेलेल्या आईसाठी भजन गायचं म्हणून आला होता. आवाज असा, की माझ्या अंगणातलं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत जाऊन झोपलं. दुसरा कुणी असता तर हात जोडले असते. टोमेश्वरने त्याच्याकडून एकेक शब्द वेगळा गाऊन घेतला, चार दुपारी, आणि मग सगळे शब्द सुरात ओढून एका माळेत बसवले. व्यापारी ऐकून ढसाढसा रडला. मी टोमेश्वरला म्हटलं, "अरे, हे त्याने गायलेलंच नाही." तर म्हणतो, "शब्द त्याचेच आहेत की. मी फक्त जवळजवळ बसवले."

पण ज्याच्या आवाजाला त्याला हात लावावा लागत नाही, असा गायक एकच. बिसाहू राम ध्रुव. मूळचा सोनपैरी गावचा, हाही माझाच विद्यार्थी, त्याच बाकावरचा. आता मिलमध्ये धान उकडायच्या टाकीवर असतो. पाळी संपली की केसांत कोंडा घेऊन तसाच येतो, अंगणातल्या नळावर तोंड धुतो आणि आत जाऊन गातो. बोलायला मात्र मरणाचा लाजाळू. हजेरीला "उपस्थित" म्हणतानाही याची मान खाली असायची. गाताना कुठून काय येतं देव जाणे. मी दाराबाहेर तांदूळ निवडत बसते ती काही तांदळासाठी नाही.

पाचवीत असताना बिसाहूची आजी जगन्नाथपुरीहून देवाचा भात घेऊन आली. तो महाप्रसाद बिसाहू आणि टोमेश्वरने एकमेकांना भरवला, पंचांसमोर नारळ फोडला आणि ते महाप्रसाद झाले. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावापेक्षा मोठं. एकदा झालं की भांडायचं नाही, तोडायचं नाही आणि एकमेकांचं नाव आयुष्यात तोंडातून काढायचं नाही. भेटले की "सीताराम, महाप्रसाद" आणि हाक मारायची तीही महाप्रसाद म्हणूनच. बिसाहूची आई गेली तेव्हा टोमेश्वरने डोकं भादरून घेतलं होतं. दहाव्याला दोन तुळतुळीत डोकी नदीवर शेजारी शेजारी बसली होती, आणि नवख्या माणसाला मुलगा कोणता ते सांगता आलं नसतं.

आता झालं काय, की टोमेश्वरला गाण्याच्या सुरुवातीला बोलायची खोड. रेडिओ ऐकून लागलेली. गाणं सुरू व्हायच्या आधी तो भरदार आवाजात सांगतो, "जय जोहार! गीत-संगीत, टोमेश्वर देवांगन, धमतरी. स्वर..." दुसरा गायक असला तर त्याचं नाव. बिसाहू असला तर, "स्वर, महाप्रसाद!" अशी त्रेचाळीस गाणी. गाणं नेटवर टाकतो तेव्हा त्याच्याखाली लिहिलेलंही तेच. मी एकदा छेडलं होतं, "अरे, टाईप करायला तोंड लागतं का?" तर म्हणे, "तोंडाने घेतलं काय नि बोटाने घेतलं काय, बहनजी, घेतलं ते घेतलंच." बिसाहूला विचारलं तर तो नळाकडे बघत म्हणाला, "सगळ्यांना माहीतच आहे की."

सगळ्यांना म्हणजे आमच्या गल्लीला.

दिवाळीनंतर बिसाहूची बायको अमरौतिन माहेरच्या मडईला, म्हणजे जत्रेला गेली. तिथल्या स्टेजवर चंदेरी कोट घातलेला एक माणूस आला. निवेदक ओरडला, "ज्यांची आपण वाट बघत होता ते, महाप्रसाद!" गाणं सुरू झालं. आवाज हिच्या नवऱ्याचा आणि ओठ हलतायत त्या कोटवाल्याचे. गर्दी बेभान. ही तडक स्टेजच्या मागे गेली आणि म्हणाली, हा आवाज माझ्या घरधन्याचा आहे. तिथल्या पोरांनी विचारलं, "नाव काय गं तुझ्या घरधन्याचं?"

अमरौतिनने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. शेवटी ती म्हणाली, "आमच्या देवकीचे बाबा." तिथे जो हशा पिकला तो तिने परत येताना बसमध्ये बरोबर आणला असावा, कारण पिशवी हातात तशीच घेऊन ती स्टँडवरून सरळ माझ्या अंगणात आली.

"मितान, तुमच्या पाया पडते, पण आज मी बोलणार आहे," ती टोमेश्वरला म्हणाली. नवऱ्याच्या महाप्रसादाला बायकोने मितान म्हणायचं, आणि त्याने तिला मितानिन.

"बोला, मितानिन. आधी पाणी तरी प्या."

"पाणी नको. तीस वर्षं महाप्रसाद-महाप्रसाद करताय, करा. पण ज्याच्या गळ्याला नाव नाही त्याचा गळा कुणीही उचलून नेतो. त्या मेल्याने नेला. वर चंदेरी कोट घालून नेला!"

"अहो, पण नाव घ्यायचं तर..."

"मला नका सांगू. मला घेता आलं असतं तर तिथेच घेतलं असतं, त्यांच्या कानाखाली वाजवून. नाव लागेपर्यंत ते इथे गाणार नाहीत. बास."

आणि बिसाहू आला नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. भांडण म्हणावं तर नातं भांडू देत नाही. रस्त्यात भेटले तर "सीताराम, महाप्रसाद" म्हणायचे आणि दोघंही जमिनीकडे बघत पुढे जायचे. टोमेश्वर अर्धवट राहिलेल्या गाण्यासमोर बसून असायचा. मी केलेल्या तांदळाच्या फऱ्यांची ताटली तशीच परत यायची. इतका राग आला मला दोघांचा! चाळिशीची माणसं, आणि रुसवा पाचवीतला.

"खाली नाव मी लिहून देते," मी म्हटलं.

"लिहिलेलं वाचतो कोण, बहनजी? गाणी पेन ड्राइव्हवरून फिरतात, डीजेवाला डीजेवाल्याला देतो. लिहिलेलं तिथल्या तिथे गळून पडतं. बोललेलं तेवढं गाण्याबरोबर जातं."

"मग मी बोलते."

त्याला पटलं. मी आत गेले, कानांवर ते हेडफोन चढवले आणि चांगलं खणखणीत म्हटलं, "बिसाहू राम ध्रुव!" टोमेश्वरने वाजवून बघितलं आणि आठवड्यात पहिल्यांदा हसला. "बहनजी, हजेरी घेतल्यासारखं वाटतंय. लग्नात नाचणारी माणसं उभी राहतील हात बांधून."

हेडफोनची वायर त्याने गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "हे माझं काम आहे. पुसलं मी, लावायलाही मीच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नारळ घेऊन आला. कॉम्प्युटरसमोर ठेवला, अगरबत्ती लावली. मला खुर्चीत बसवून कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं. मी विचारलं, "टोमेश्वर, नाव घेतलंस तर नात्याचं काय होतं?" तो म्हणाला, "ते मोडतं. पंच म्हणतात, नारळ देऊन पुन्हा जोडता येतं. पण कुणी जोडलेलं मी बघितलेलं नाही." त्याचे डोळे लाल होते. मला म्हणावंसं वाटलं, की राहू दे रे. पण अमरौतिनचं तोंड उघडून मिटलेलं मला दिसत होतं.

तो आतल्या खोलीत गेला. मी बटण दाबलं. स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "जय जोहार. गीत-संगीत, टोमेश्वर देवांगन, धमतरी. स्वर..." आणि पुढे नुसता श्वास. पुन्हा घेतलं. पुन्हा "स्वर" पर्यंत आला आणि थांबला. तिसऱ्यांदा घेत होता तेव्हा अंगणाचं फाटक वाजलं. मीच सकाळी मिलमध्ये निरोप धाडला होता, नुसता एवढाच, की तुझा महाप्रसाद आज नारळ घेऊन बसलाय. मला काय ते दोघं वेगळे बघायची हौस नव्हती. बिसाहू धापा टाकत आला, केसांत कोंडा, मागे अमरौतिन. त्याने स्पीकरमधला तो श्वास ऐकला, नारळ बघितला, आणि चपलांसकट आत घुसून माईकवर पंजा ठेवला. माझ्या कानात केवढा तरी धडाका झाला.

"घेतलंस?"

"नाही. येतंय ओठांवर."

"गीळ ते. नाव घ्यायला जग पडलंय, मला महाप्रसाद म्हणणारा तू एकटा आहेस. सरक तिकडे. माझं मी सांगतो."

बिसाहूच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

टोमेश्वर बाहेर आला, मला खुर्चीतून उठवलं आणि स्वतः बसला. आत बिसाहू माईकसमोर मान खाली घालून उभा. पहिल्यांदा जे बोलला ते माईकलाही ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा बॉयलरपलीकडच्या माणसाला हाक मारतात तसा ओरडला. "अरे हळू, महाप्रसाद, आवाजाचा काटा पार लाल!" टोमेश्वर म्हणाला, आणि तो रडत होता की हसत होता मला सांगता येणार नाही. तिसऱ्यांदा बिसाहूने मान वर केली. "स्वर, बिसाहू राम ध्रुव. गाव सोनपैरी, जिल्हा धमतरी."

"झालं?" त्याने आतून विचारलं.

"झालं."

बिसाहू पाळीवर परत गेला. पण टोमेश्वरचं काम तिथून सुरू झालं. आधी टाकलेल्या गाण्यात नवा आवाज घालता येत नाही म्हणे. ते पुसायचं आणि नाव लावून नव्याने टाकायचं. त्यातलं एक गाणं नऊ लाख लोकांनी ऐकलेलं होतं. ते पुसलं की तो आकडा गेला, पुन्हा शून्यापासून सुरुवात. मी म्हटलं, "तेवढं एक राहू दे." त्याने माझ्याकडे न बघता ते पहिलं पुसलं.

मग एकेक गाणं उघडायचं, जुना "महाप्रसाद" कापायचा, तिथे नाव बसवायचं आणि सांधा कळत नाही ना ते पुन्हा पुन्हा ऐकायचं. आत गुदमरायला होत होतं म्हणून त्याने दार सताड उघडं टाकलं होतं. बिसाहू राम ध्रुव. बिसाहू राम ध्रुव. जे नाव त्याच्या तोंडून तीस वर्षांत निघालं नव्हतं, ते सगळी दुपार माझ्या घरभर वाजत होतं.

अमरौतिन घरी गेली नव्हती. ती मागच्या पायरीवर बसली होती, माझं तांदळाचं सूप मांडीवर ओढून. नाव वाजलं की तिचे हात थांबायचे, गाणं सुरू झालं की पुन्हा चालायचे. ऊन पायरीवरून उतरून तुळशीपर्यंत गेलं. मी म्हटलं, "अगं, पोरगी शाळेतून आली असेल. जा आता."

तिने आत डोकावून विचारलं, "मितान, अजून किती राहिली?"

"सोळा."

"मग बसते," ती म्हणाली.