दारावरचं सुख

नितीनचा फोन आला तेव्हा मी ओक ट्री रोडवरच्या दुकानात कुंदामावशीसाठीच मेथी निवडत होते. "ताई, आई गेली," एवढंच तो म्हणाला. जुडी हातात तशीच राहिली… ठेवायची की घ्यायची, हेही सुचेना.

कुंदामावशी नागपूरची. नवरा गेल्यावर अमेरिकेत एडिसनला मुलाकडे, नितीनकडे राहायला आली, आमच्या समोरच्याच अपार्टमेंटमध्ये. मुलगी सुजाता बँकॉकला, नात मैत्री तिथेच जन्मलेली. नातीला एकदा जवळ घ्यायचं, एवढीच मावशीची इच्छा. पण तिच्या ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला, आणि देश सोडला तर अर्जच बाद, असं वकिलानं बजावलेलं. सुजाताला इकडचा व्हिसा मिळेना. कार्ड आलं की निघते, असं म्हणता म्हणता नात शाळेत जायला लागली.

वाट बघता बघता मावशी थाई पाट्या वाचायला शिकली. बोलणं नाही, नुसत्या पाट्या. तिला ऐकू कमी यायचं. "मराठीच धड ऐकू येऊन नाही राहिलं, थाई काय येणार बाप्पा? पाट्या वाचता आल्या की एकटी फिरीन. हरवणार नाही." सुजाता रस्त्यातले, मॉलमधले फोटो पाठवायची आणि मावशी भिंग घेऊन ॲपमधल्या अक्षरांशी ताडून एकेक शब्द लावत बसायची. अर्थ कुणाला विचारायचा नाही, हा तिचा हट्ट. रोजच्या बुद्धवंदनेमुळे पाली भाषा तिच्या जिभेवर होती, आणि थाईत पालीतले शब्द पुष्कळ. खानावळीच्या पाटीत तिला आहार सापडला, दुकानाच्या दारावर वेळ. "हे तर आपलेच लोक निघाले," म्हणायची. तिथल्या नगरपालिकेत पाट्या रंगवायची नोकरी धरणार का, म्हणून मी तिला चिडवायची.

एका फोटोत मैत्री एका पाटीखाली उभी राहून हसत होती. मावशीनं पाटी वाचली… सु-खा. "बघ, पोरगी सुखाखाली उभी आहे." तो शब्द तिनं कागदावर थाई अक्षरांत ठसठशीत काढला आणि आपल्या खोलीच्या दाराला बाहेरून चिकटवला. सुजाताला कळू द्यायचं नव्हतं, तिथं गेल्यावर एकदम वाचून दाखवायचं होतं. कार्ड काही आलं नाही. हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि मावशी त्यातून उठलीच नाही. सुजाताला व्हिसा मिळाला तो आई गेल्यावर, तातडीचा. अंत्यसंस्कार तिनं फोनवरच पाहिले. मला याचा अजून संताप येतो.

मायलेकी आल्या त्या दुपारी मी पोळ्या घेऊन गेले होते. मैत्री तरातरा मावशीच्या खोलीत शिरली आणि लगेच बाहेर आली.

"देअर्स नो टॉयलेट इन देअर."

"ती आजीची रूम आहे, पिल्लू," नितीन म्हणाला.

"बट इट सेज टॉयलेट." तिनं पाटीवर बोट ठेवलं.

सुजातानं वाचलं. "तिकडे संडासावर हेच लिहितात, ताई. हे कुणी लावलं?"

मी सगळं सांगितलं. भिंग, फोटो, एकटीनं फिरायचं होतं ते. मैत्री लक्ष देऊन ऐकत होती.

"देन शी वुड हॅव गॉट लॉस्ट," ती अगदी सहज म्हणाली.

सुजातानं पाटीचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं पुन्हा दाबून बसवला.

पाटी नितीननं अजून काढलेली नाही. त्यांच्याकडे गेले की त्या दाराशी पाय थांबतात. थाईतला तेवढा एकच शब्द मला वाचता येतो, आणि आता तोही सुख म्हणून वाचता येत नाही.