सूतभर सरकणारी बाही

पाण्याच्या टाकीपर्यंत आलो आणि मास्तर म्हणाले, "बसू या जरा." निम्मं अंतर झालं होतं. मोठ्या इस्पितळातून आम्ही चालत परतत होतो. बस समोर उभी असतानाही त्यांनी हट्ट धरला होता की पाय अजून माझं ऐकतात, त्यांना कशाला बसवून ठेवू. हात मात्र ऐकेनासा झाला होता. उजवा हात थरथरायचा, आणि गोळ्यांनी हात निकामी होणं लांबेल पण टळणार नाही, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तो हात मांडीखाली दाबून ठेवला.

मास्तर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी पन्नास वर्षं मशीन चालवलेले शिंपी. माझा शाळेचा झगा त्यांनीच शिवला. आईने एकाच झग्यापुरतं कापड नेऊन दिलं होतं. त्यांनी कुणाला काही न सांगता त्यातूनच चार बोटं कापड वाचवून आत दुमडून ठेवलं. दरवर्षी शाळा उघडली की टीप उसवायची आणि झगा बोटभर लांब व्हायचा. चार वर्षं मी त्या एका झग्यात वाढले. सकाळी देवापुढे हात जोडताना मला अजूनही ते दुमडलेलं कापड आठवतं.

म्हणूनच गेल्या वर्षी जेव्हा ते आमच्या शाळेच्या कार्यालयात आले आणि माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणाले, "पोरी, व्हिडिओ कापायला आणि चित्रं हलवायला नवशिक्याने कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?" तेव्हा मला नाही म्हणवेना. खरं तर मी कारकून बाई. पत्रं टाइप करण्यापलीकडे कॉम्प्युटरशी माझी ओळख बेताचीच.

त्यांच्या मनात होती ती लेक. दूरच्या गावी तिने स्वतःचं शिवणाचं दुकान टाकलं होतं. सगळं चोख करायची, पण बाही मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलाईत, बसेना. हात वर केला की अख्खा कपडा ओढला जायचा. घरी होती तेव्हा मास्तरांनी तिला ते हाताला धरून शिकवलं नव्हतं. बघून येईल, म्हणत राहिले. आता तिला दुकान सोडून येता येत नव्हतं आणि यांना प्रवास झेपत नव्हता. हात चालतोय तोवर ती बाही लेकीपर्यंत पोचवायची होती. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, फोनवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. त्यावर मास्तर म्हणायचे, दोन मिनिटांत बाही बसत असती तर तुझं पोलकं मी लग्नाआधीच शिवलं असतं.

माझ्या भाच्याने तीन सॉफ्टवेअरची नावं लिहून पाठवली. मी म्हटलं, ज्याची तारीफ जास्त ते घेऊ. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. नवी कात्री घेताना ते प्रत्येक कात्रीने एकाच चिंधीचा एकेक तुकडा कापून बघत. तसंच इथेही केलं. खडूने रेघ मारतानाचा त्यांचा व्हिडिओ मी फोनवर घेतला होता, त्यातली दहा सेकंदं तिन्हींत घातली. एकदा कापायची, एकदा जोडायची, वर 'बाही' असं लिहायचं. पहिलं सिनेमावाल्यांचं. ते सुरू होईस्तोवर आमचा चहा पिऊन व्हायचा आणि मग त्यांच्या घरचा जुना कॉम्प्युटर बंदच पडायचा. दुसरं झटपट चाले, पण फुकटात हवं तर चित्राच्या मधोमध स्वतःचं नाव ठोके, आणि त्यात मराठी अक्षरांचे काने एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे. तिसरं साधं होतं, बटणं मोजकी. अक्षरं जागेवर आली. मास्तर म्हणाले, "हेच. शिकायला मांजरपाटच बरं, रेशमावर हात बसवू नये."

पण निवडल्यावर आठवडाभर त्यांनी काही कापलंच नाही. नुसतं बघत, थांबवत, वहीत सेकंद लिहीत. मी विचारलं तेव्हा कळलं, कापलं की ते गेलंच, असं ते धरून चालले होते. मग मी त्यांच्यासमोर एक तुकडा छाटला आणि त्याची कड पकडून ओढली. छाटलेला भाग जसाच्या तसा परत आला.  मास्तरांनी चष्मा पुसला आणि पडद्यालाच नमस्कार केला. "पन्नास वर्षांत," ते म्हणाले, "कापलेलं परत आलेलं हे पहिल्यांदा पाहतोय."

त्या दिवसानंतर त्यांना धीर आला. बाही गोल होऊन मुंढ्यात कशी बसते ते कॅमेऱ्यात हातांच्या आड जायचं. त्यासाठी फोटो एकामागून एक लावून त्यांचं हलतं चित्र करणारं एक छोटं सॉफ्टवेअर घेतलं. कागदाची बाही कापली. ती सूतभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सूतभर. एकशे चाळीस फोटो झाले. फोटो मी काढले, सरकवायचं काम त्यांचं. एवढा थरथरणारा हात, पण सूत चुकलं नाही. ते करताना मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

फिल्म जवळजवळ तयार होती. दोन दिवसांत लेकीला पाठवायची, असं ठरलं होतं. टाकीपाशी मला वाटलं, ते डॉक्टरांबद्दल बोलतील. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती डाव्या हाताने घेतली.

"एक करशील?" ते म्हणाले. "मुंढ्याची रेघ मारताना माझा खडू घसरला होता. तो भाग मी कापून टाकलाय. लेकीला वाटेल, बाबांची रेघ कधी चुकलीच नाही. चुकल्यावर ती सावरायची कशी, तेच तिला शिकवायचं राहिलंय. आज घरी गेलो की ती कड ओढ आणि घसरलेला खडू परत आण. माझ्याच्यानं आता ती कड धरवत नाही."