मावशीने लॅपटॉप आवरला

मंडळी, पाहुण्यांच्या हातात लॅपटॉप देता का? मी आज दिला.

चांदीप गावची मावशी राहायला आलीय. आमच्या विरारच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यापासून तिचे हात स्वस्थ नाहीत. डबे घासून झाले, माळा झाडून झाला. निदान एका जागी बसेल म्हणून दुपारी तिला लॅपटॉपवर भाचीच्या लग्नाचे फोटो लावून दिले आणि मी बाहेर पडलो.

परतलो तेव्हा घरात दिवे लागले होते आणि लॅपटॉपची स्क्रीन लख्ख कोरी होती. दिवाळी अंकाचा लेख आज पाठवायचा होता. त्याच्यासकट सगळ्या फायली गायब.

"मावशी, इथल्या फायली कुठायत?"

"आवरल्या. केवढी घान मांडून ठेवलेलीस, मेल्या! एकेक उचलून त्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. नातवानं शिकवलंय मला."

"आणि डबा रिकामा केलास?"

मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "आवरता आवरता दिवेलागन झाली. तिन्हीसांजेला केर बाहेर टाकतात का रे? लक्ष्मी जाते. सकाळी टाकीन."

मी डबा उघडला. लेख आत सुखरूप होता. मावशीला मिठी मारली, तर म्हणते, "आधी हातपाय धू."

लेखाचा विषय: आपल्या घराघरातल्या अंधश्रद्धा. त्यात तिन्हीसांजेच्या केरावर एक चांगला झणझणीत परिच्छेद आहे.

आता तुम्हीच सांगा, तो ठेवू की गाळू?