शून्यासाठी दिलेली दाढ

आमच्या सोनाळ्यात दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून छपराच्या कवेलूंवर फेकतात. म्हातारपणी पडलेल्या दाताला मात्र कुत्रं विचारत नाही. दोन वर्षं मी त्याच दातांच्या मागे होते.

दूरच्या शहरात, विद्यापीठात मी दाताच्या वरच्या टणक पांढऱ्या थरावर संशोधन करते. यंत्राला इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स म्हणतात. बाबांची गावात पिठाची चक्की आहे. त्यांना हे समजावताना मी दोनदा चिडले, कारण नीट समजावणं मलाच जमत नव्हतं. शेवटी असं सांगितलं: इलेक्ट्रॉन बहुतेक जोडीने राहतात आणि जोडीत एकाचं चुंबकपण दुसरा खोडून टाकतो. एखादा एकटा पडला तर तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. त्याला मोठ्या चुंबकात ठेवायचं, वरून मायक्रोवेव्ह सोडायच्या आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एका नेमक्या जोराला तो एकटा त्या लहरींची ऊर्जा गिळतो, उलटा फिरतो, आणि पडद्यावर रेघ उठते. एकटे जितके जास्त, तितकी रेघ उंच.

"अन् जोडी असली तं?"

"तर काहीच दिसत नाही."

"म्हंजे सुखी संसारातलं या यंत्राले काही समजत नाई," बाबा आईकडे पाहत म्हणाले. आई पोळ्या लाटत होती, तिने मान वर केली नाही.

दातावर एक्स-रेसारखे किरण पडले की आतल्या काही जोड्या फुटतात. ते एकटे इलेक्ट्रॉन दातात अडकून बसतात, हजारो वर्षं. म्हणून जमिनीतून निघालेल्या दातावरून त्याचं वय काढता येतं, अपघातात सापडलेल्या माणसाला किती किरण लागले ते कळतं. मसाल्याच्या पुडीवर किरण सोडले होते का, तेही याच यंत्रात तपासतात. पण मोजायचं तर आधी शून्य हवं. म्हणजे असा दात, ज्याच्या मालकाच्या जबड्याचा कधी एक्स-रेसुद्धा निघालेला नाही. शून्य चुकलं की सगळं माप चुकलं, माझी दोन वर्षं पाण्यात.

ते काम बाबांनी अंगावर घेतलं. दळण घेऊन येईल त्याला सांगायचे, "दात पडला तं फेकू नका, माह्या पोरीले पाहिजे." ज्वारीच्या पिशव्यांतून पुड्या येऊ लागल्या. पिंजाऱ्यांच्या एका चाचांनी तीन दात दिले आणि वर म्हणाले, "उरलेले दोन बी तुझ्याच नावाचे, बेटा." मी प्रत्येकाला भेटून फॉर्म भरला. कधी एक्स-रे काढला का, कसला उपचार झाला का, सगळं दोनदोनदा विचारलं.

मग एका सुट्टीत भाकरी खाताना बाबांचीच दाढ निघाली. त्यांनी ती धुऊन कागदात बांधली आणि म्हणाले, "चालते का पाह्य." त्यांचा फॉर्म मीच भरला, त्यांना न विचारता. सगळीकडे 'नाही'. बाबा आणि दवाखाना? वर्षातून दोनदा एकटे शेगावला दर्शनाला जायचे, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. त्या दिवशीही ते दर घासाला पाण्याचा घोट घेत होते. मला त्या सवयीची भारी चीड. "अन्न पचत नाही हो अशानं," म्हणून मी नेहमीसारखा तांब्या उचलून दूर ठेवला.

महिन्याभराने रेघ आली. बाकीच्यांच्या रेघा ज्या मापावर दिसायच्या, त्या मापावर ही मावतच नव्हती. सर म्हणाले, "हा किरणांचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेल्या पेशंटचा नमुना आहे. जबड्याजवळ कॅन्सर असावा."

"शक्यच नाही सर. हे माझे बाबा आहेत." माझा आवाज चढला होता.

नमुन्याची नळी बदलली, उरलेल्या दाढेचा चुरा केला, पुन्हा लावला. रेघ तिथेच. त्याच दिवशी मी घरी जायला शेगावची गाडी पकडली. गाडीत एकेक आठवत गेलं. माझ्या बारावीच्या वर्षी बाबा दीड महिना अमरावतीला मित्राची चक्की बसवायला गेले होते. परत आले ते वाळून काटकी झालेले, घसा बसलेला. पिठानं बसला, म्हणाले होते. मीही खुशाल मानलं.

जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, "बाबा, अमरावतीला कोणाची चक्की बसवली होती?"

त्यांचा हात ताटातच थांबला. आई उठून आत जायला लागली.

"बस वं," बाबा तिला म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "दाढेनं सांगतलं काय?"

"हो."

"काय बाप्पा. मले वाटलं, दाढेले काय समजते. जिभेच्या मुळाशी गाठ होती. सात हप्ते शेक घेतला. तवापासून तोंडाले थुंका सुटत नाई."

"आणि शेगावचं दर्शन?"

"दर्शन घेतो न. देवाचं नाव घेऊन खोटं काऊन बोलू? तिथून तपासणीले नागपूरची गाडी धरतो. डॉक्टर म्हणते, आता गाठीचं काही नाई राह्यलं."

"मले काऊन नाही सांगितलं?" मी ओरडले आणि लगेच मला रडू आलं.

"तुही बारावी होती. सांगतलं असतं तं पुस्तकं मिटून चक्कीवर येऊन बसली असती. मंग हे यंत्र कोणं पाह्यलं असतं?"

खरंच बसले असते. मला त्यांचा राग आला, आईचा आला, स्वतःचा तर फार आला. आणि इतकं बरं वाटलं की हा माणूस समोर बसून भाकरी मोडतो आहे. माझं सगळं शिक्षण त्या दीड महिन्याच्या थापेवर उभं होतं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

"म्हंजे माही दाढ फुकट गेली," बाबा म्हणाले.

"फक्त शून्यासाठी फुकट गेली. शून्य चाचांच्या दातांवरून काढीन." आईने कपड्यांच्या खालून दवाखान्याची फाइल काढून दिली. किती शेक दिला ते तिच्यात लिहिलं होतं. "यंत्र किती सांगतं आणि फाइल किती सांगते, ते ताडून पाहता येईल."

"जुळलं तं सांगजो."

मी फॉर्म पुन्हा भरला. यावेळी एकेक प्रश्न विचारून.

मग ते जेवू लागले. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांचा डावा हात ताटाच्या बाजूला चाचपू लागला. जेवायला बसताना मी सवयीने तांब्या भिंतीकडे सारून ठेवला होता. मी उठले, माठातून तो भरून आणला आणि त्यांच्या हाताशी ठेवला.