कौल सगळ्यांच्या नावाने

जाधवकाका गेले हे मला पालीच्या बाजारात कळलं. सुकी मासळी घेत होतो. मासळीवाली ओळखीची. म्हणाली, "तुम्हा नेपाळ्यांचा पुढारी गेला ना रे काल. समजलं नाय तुला?" पिशवी तिथेच टाकून निघालो, पण वाडीत पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं… पाचवीत शाळा सुटलेला माणूस मी, मराठी इथल्या बागांत राहून शिकलो. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

काका मुंबईच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे गावी आले, आणि बौद्धवाडीतल्या घरी स्वस्थ बसायचं सोडून आंब्याच्या बागा फिरू लागले. बागांत राखणीला आम्ही, नेपाळहून आलेले. कुणाला ताप आला की काका त्याला डॉक्टरकडे नेत, कुणाचं पोर शाळेत घेत नसतील तर गुरुजींशी भांडत. कोकणातली अर्धी माणसं पोटासाठी बाहेर, तिथे त्यांना कुणी हाड म्हटलं तर आपल्याला राग येतो, मग यांना हाड म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला, असं ते बागायतदारांना तोंडावर विचारत. बागायतदार हसून चहा मागवत.

मी आलो त्याच्या दुसऱ्या हंगामात आमच्या मालकांच्या भरून ठेवलेल्या पेट्या एका रात्रीत गेल्या. इथे चोरी झाली की देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतो, उजवी आधी पडली की होकार. प्रश्न मालकांनी ठरवलेला होता, या नेपाळ्याने नेल्या का, एवढाच. उजवी पडली असती तर मी चोर, आणि गावातल्या सगळ्या बागांतून आमची माणसं हाकलायची, हेही ते बोलून बसले होते. देऊळ भरलेलं. माझ्या बाजूचं एकही माणूस नाही.

काका देव मानत नसत. आत आले नाहीत, अंगणातूनच बोलले. "कौल लावा. पण त्या रात्री बागेत जे जे झोपलेले, त्या सगळ्यांच्या नावाने लावा. पहिलं नाव मालकांच्या पुतण्याचं."

गुरवाचा हात तसाच राहिला.

"जाधवा, देवाची मस्करी करतोस?" मालक म्हणाले.

"मी कशाला करू? देव तुमचा. विचारायला तुम्हीच घाबरताय."

कौल लागलाच नाही. चोर कोण हे गावाला आधीपासून ठाऊक होतं, असं मला पुढे कळलं.

मी वाचलो, काकांना मात्र ते महागात पडलं. पुढल्या हंगामात मालकांनी काकांच्या वाडीतल्या एकाही बाईला कामावर घेतलं नाही. मालकांना कोण बोलणार? राग सगळा काकांवर निघाला. काकी पाण्याला गेल्या की बायका ऐकवत, परक्यासाठी आमच्या पोटावर पाय दिलात. काकांच्या ओटीवर वाडीतलं कुणी टेकेनासं झालं. दम्याने खोकत ते एकटे बसलेले असत. मी गेलो की जेवलास का विचारत. त्या बायकांबद्दल वाईट शब्द कधी ऐकला नाही. मला मात्र अजून विसरता येत नाही.

गेल्या आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष आमचे मालक. जाधव म्हणजे गावाचा विवेक होता, नेपाळी बांधवांचा आधार होता, असं ते खूप वेळ बोलले. मलाही दोन शब्द बोलायचे होते, पाठ करून गेलो होतो. दारातच पुतण्याने खांद्यावर हात ठेवला. "बहादूर, बरा आलास. जरा चपलांकडे बघ. गर्दी हाय."

माझं नाव बहादूर नाही. कुठल्याही सभेत काका मला हाताला धरून आपल्या शेजारी बसवायचे, लोक वळून बघत राहिले तरी…

मी पायरीवर बसलो. सभा सुटली, माणसं आपापल्या चपला घालून गेली. कुणाचीही हरवली नाही.